आवाज संपेपर्यंत बोट वर

माझा आवाज मोठा. शाळेच्या फाटकात उभी राहून हाक मारली की पलीकडे मिठागरावर काम करणारी माणसं मान वर करून बघायची. लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमच्या सुनेला फोन कशाला हवाय?"

शाळेत तर ह्या आवाजाचा मला अभिमानच होता. आमची शाळा पेण तालुक्यातली, खाडीकाठची, दोन शिक्षकी. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे व्हरांडा. दोन वर्गांच्या मधली भिंत छतापर्यंत पोचलेली नाही, त्यामुळे सरांकडचे पाढे आमच्याकडे यायचे आणि आमच्या कविता त्यांच्याकडे जायच्या. मुलं ओरडली की मी त्यांच्यावर आवाज चढवायची, मग मुलं माझ्यावर आवाज चढवायची, आणि ह्यालाच वर्ग रंगलाय असं मी समजायची. सकाळची गाडी पकडून रोह्याहून निघायचं, जित्याला उतरायचं, पुढे शेअर रिक्षाने शाळा. परतीच्या गाडीत डोकं खिडकीला टेकवलं की कानात वर्ग तसाच चालू असायचा.

हा आवाज गेला त्याच्या आदल्या वर्षी पेणला आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. मुलांचं चित्त कसं स्थिर करावं, असा विषय. पाहुण्या बाईंनी आम्हा सगळ्या शिक्षकांना डोळे मिटून बसवलं आणि श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मागच्या रांगेतले एक गुरुजी इतके स्थिर झाले की चहा आला तरी उठले नाहीत. मी मात्र दुसऱ्याच दिवशी उत्साहाने ते वर्गात करून बघितलं. "डोळे मिटा," म्हटलं. प्रत्येक मूल शेजारच्याने डोळे मिटलेत का ते बघायला डोळे उघडत होतं. एका कोपऱ्यातून बेडकाचा आवाज आला. दुसऱ्या कोपऱ्यातल्या बेडकाने त्याला उत्तर दिलं. मग मी "शांत बसा!" अशी जी ओरडले, की पत्र्यावरचे कावळे उडाले. ते प्रकरण मी तिथेच मिटवलं. हे सगळं शहरातल्या गुळगुळीत फरशीच्या शाळांसाठी असेल, आपल्याकडे नाही जमायचं, असं ठरवून मोकळी झाले.

मग केंद्राच्या क्रीडास्पर्धा आल्या. आमच्या मुली खो-खोत अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. दोन दिवस मैदानाच्या कडेला उभी राहून मी जिवाच्या आकांताने ओरडले. मुली हरल्या आणि माझा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग नुसती हवा यायला लागली. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी रोह्यातल्या घशाच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण मुलगी होती. नळी घालून तिने घसा बघितला, पडद्यावर मलाही दाखवला.

"स्वरयंत्रावर बारक्या गाठी आल्यात," ती म्हणाली. "ऑपरेशन लागणार नाही, घाबरू नका. पण महिनाभर मौन. एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट जास्त ताण येतो."

मी पर्समधून पेन काढून तिच्याच औषधाच्या पाकिटावर लिहिलं, "शाळा?"

"रजा घ्या. शाळेत गेलात की तुम्ही बोलणारच."

रजा घेतली असती तर सरांना एकट्याला चारही इयत्ता बघाव्या लागल्या असत्या, आणि त्यांचे गुडघे आधीच कुरकुरत होते. शिवाय महिनाभर घरी गप्प बसायचं म्हणजे मला शिक्षाच. मी सरांना मोबाईलवर लिहून पाठवलं, मी येते, जमेल तसं करते. सरांचं उत्तर आलं, "या. निदान आमचे पाढे तरी आम्हाला ऐकू येतील."

घरी पहिल्या संध्याकाळी मोठी मजा झाली. माझे यजमान धाटावला कंपनीत आहेत. शिफ्ट संपवून आले आणि दारातच थबकले. "लाईट गेले काय?" त्यांनी विचारलं. लाईट होते, टीव्ही बंद होता आणि मी गप्प होते. मी लेकीची जुनी पाटी पुढे धरली, 'चहा घेणार?' त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली, खडूने लिहिलं, 'अर्धा कप' आणि परत दिली. त्यांना बोलायला कुणी मनाई केली नव्हती. हे दोघांच्याही लक्षात आलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि मी तोंडावर पदर दाबून.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि फळ्यावर लिहिलं, 'माझा आवाज आजारी आहे. महिनाभर मी बोलणार नाही.'

मुलांनी ते एका सुरात मोठ्याने वाचलं. मग क्षणभर विचार केला.

"बाई, आवाजाला ताप आलाय का?" तिसरीतल्या एका मुलीने काळजीने विचारलं.

"बाई, मंग तुम्ही मारणार कशा?" मागून कुणीतरी विचारलं. मी कधी मारत नव्हते, पण ओरडणं आणि मारणं मुलांच्या हिशोबात एकाच खात्यावर जमा होत असणार, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतरचा तास म्हणजे नुसता बाजार. मी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या. मी फळ्यावर 'शांत' लिहिलं, त्यांनी ते ओरडून वाचलं. मी डोळे वटारले, मुलं हसली. चौथीत एक उंच मुलगी होती, वर्गातली सगळ्यात भांडखोर. एरवी दिवसातून दोनदा तरी कुणाच्या तरी झिंज्या तिच्या हातात असायच्या. ती बाकावर चढून माझ्याच आवाजात "गप बसा रे!" म्हणून ओरडत होती आणि नक्कल इतकी हुबेहूब होती की मधल्या भिंतीवरून सर म्हणाले, "बाई, डॉक्टरांनी नाही सांगितलंय ना!"

मी वैतागून व्हरांड्यात आले. तिथे आमची घंटा टांगलेली आहे. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, तारेने बांधलेला. एरवी शाळा भरताना आणि सुटताना सर ती लोखंडी गजाने दणादण बडवतात. त्या दिवशी मी गज उचलला खरा, पण रागात असूनही जोरात मारायचं धैर्य झालं नाही. शाळा सुटली समजून मुलं घरी पळाली असती. म्हणून मी गज नुसता टेकवल्यासारखा, हळूच एकदा मारला.

इतकी वर्षं ती घंटा ऐकली होती, पण असा तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. दणका नाही, खणखणाट नाही. एक लांब, बारीक होत जाणारा सूर. मुलं दाराशी गोळा झाली. मी काहीतरी करायचं म्हणून एक बोट वर केलं. का केलं ते आजही सांगता येणार नाही. आवाज बारीक होत गेला, आणखी बारीक झाला, आणि मला तो ऐकू येईनासा झाला तेव्हा मी बोट खाली घेतलं.

"नाय संपला," उंच मुलगी म्हणाली. "बाई, अजून हाय."

"संपला," दुसरी म्हणाली.

"नाय! मना येतोय ऐकू."

"तुला कायपण येतो."

आता झिंज्या धरल्या जाणार, असं मला वाटलं. मी घाईघाईने पुन्हा गज टेकवला आणि सगळ्यांकडे बोट दाखवून खूण केली, तुम्हीही बोटं वर करा. सगळी बोटं वर गेली. सूर निघाला. ज्याला आवाज संपला असं वाटेल त्याने बोट खाली घ्यायचं, हे न सांगता समजलं. एकेक बोट खाली यायला लागलं. शेवटी उंच मुलीचं एकटीचं बोट राहिलं. मान तिरकी, भुवया ताणलेल्या, तोंड थोडं उघडं. त्या मुलीला इतकी स्थिर उभी असलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तिने बोट खाली घेतलं तेव्हा सगळ्या शाळेवर अशी काही शांतता पसरली होती, की सर दुसऱ्या खोलीतून चप्पल न घालताच बाहेर आले. त्यांना वाटलं, मुलं गेली कुठे.

पाहुण्या बाईंनी पेणला श्वास, लक्ष, स्थिरता असं जे सांगितलं होतं ते सगळं माझ्यासमोर व्हरांड्यात उभं होतं. फक्त डोळे उघडे होते आणि नाकं वाहत होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी परिपाठ झाला की घंटेचा एक टोला. आवाज संपेपर्यंत बोट वर. बोट खाली आलं तरी लगेच बोलायचं नाही, आणखी थोडा वेळ बसायचं आणि काय काय ऐकू येतं ते ऐकायचं. मग ज्याला सांगायचंय त्याने सांगायचं. मी फळ्यावर लिहून घ्यायची. पहिल्या दिवशी कावळा, मोटारसायकल, कावळा, कोंबडा असंच आलं. हळूहळू त्यांचे कान लांबवर जायला लागले. पत्रा तापल्यावर कडकड वाजतो, तो. पाण्याच्या टाकीत पडणारे थेंब. जित्याला थांबलेली गाडी निघते तिचा हॉर्न. एका मुलाने सांगितलं, "खडूचा आवाज." मी त्याचंच वाक्य लिहीत होते आणि माझ्याच हातातला खडू वाजत होता, तो मला ऐकू आला नव्हता.

"सरांच्या पोटातला आवाज," तिसरीतली मुलगी एकदा म्हणाली. सर दाराशी उभे होते. "खरंय," ते म्हणाले. "आज डबा उशिरा आला." आणि त्या दिवसापासून तेही आपली पिल्लं घेऊन आमच्या व्हरांड्यात बसायला लागले.

एक दिवस मी छातीवर हात ठेवून दाखवला आणि फळ्यावर लिहिलं, 'आता आतला आवाज ऐका.' मुलांनी हात ठेवले. मग एक मुलगा घाबरून म्हणाला, "बाई, माझ्यात कोणतरी पळतोय." शाळा भरायच्या आधी तो मैदानात पळून आला होता. सगळे हसले, पण हात कुणी काढला नाही. सगळे आपापल्या आत कोण पळतंय ते बघत होते. त्या दिवशी श्वासही आपोआप सापडला. हात छातीवर असला की तो वर-खाली होतोच. पेणच्या प्रशिक्षणानंतर मला जो धडा पहिल्याच दिवशी शिकवायचा होता, तो आमच्याकडे असा दहा-बारा दिवसांनी, स्वतःच्या पायांनी चालत आला.

मी बोलत नव्हते म्हणून मुलांनीही आवाज खाली आणला. शिकवणं हातवाऱ्यांनी, फळ्यावर आणि मुलांकडूनच चाललं होतं. चौथीच्या मुली तिसरीला धडा वाचून दाखवायच्या. भागाकार मी चिंचोक्यांनी शिकवला, एक शब्दही न बोलता, आणि चूक झाली की नुसती भुवई वर करायची. ती भुवई मुलांना इतकी आवडली की घरोघरी गेली.

घरोघरी गेलं ते एवढंच नाही. एका सकाळी उंच मुलीची आजी शाळेत आली. डोक्यावर टोपली, कमरेला ओचा खोचलेला. टोपली व्हरांड्यात उतरवून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाय, आमचे पोरीला काय शिकवलंस गो?"

मी हात जोडले आणि घशाकडे बोट दाखवलं. सर पुढे झाले. "काय झालं आजी?"

झालं होतं ते असं. मोटारसायकलमधलं पेट्रोल कुणी संपवलं ह्यावरून मुलीच्या बापाचं आणि काकाचं घरात जोरात जुंपलं होतं. मुलीने जेवणाचं ताट उचललं, त्यावर चमच्याने एक टोला दिला आणि दोघांच्या मधे बोट वर करून उभी राहिली. ताटाचा आवाज तो केवढासा. पण दोघं गप्प झाले. आवाज संपला. तरी मुलीने बोट खाली घेतलं नाही. शेवटी काकाला हसू फुटलं, मग बापाला.

"मी म्हटलं भूतबीत शिरला पोरीत," आजी म्हणाली. "माझे घरात एवढी गप पयल्यांदाच झाली. म्हून बघाया आले."

आजीला मजा वाटली होती, पण सगळ्यांनाच वाटली नव्हती. आठवड्याभरात गावात बोललं जायला लागलं की बाई मुकी झाली आणि आता पोरांनाही मुकी करतेय. पोरं घरी येऊन गप्प बसतात, छातीवर हात ठेवतात, हे काय चाललंय? सरांनी हसण्यावारी नेलं, पण एका पालकाने फाटकातच त्यांना अडवून विचारलं तेव्हा त्यांनी शनिवारी पालकसभा लावली.

मला आदल्या दिवसापासून धाकधूक. ज्या सभेत मी उत्तर द्यायचं, त्याच सभेत मला बोलायची बंदी. एरवी माझ्या आवाजाने मी दहा माणसांना पुरी पडले असते. यजमानांनी पाटीवर लिहून दिलं, 'रडू नकोस म्हणजे झालं.'

शनिवारी व्हरांडा भरला. मिठागरावरून थेट आलेली माणसं होती. गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका होत्या, त्यांच्या बोटांवर पिवळा आणि गुलाबी रंग वाळलेला. फाटकात सरांना अडवणारे ते एक पालक पुढेच बसले होते, हाताची घडी घालून.

"बाई," ते म्हणाले, "आजारपणाबद्दल काय बोलणं नाय. पण तुम्ही बोलणार नाय तर पोरं शिकणार कशी? आणि हे गप बसवायचं काय काढलंय? आमची पोरं खेळकर हायत, त्यांना मुकी नाय करायची आम्हाला."

मी फळ्यावर लिहिलं, 'मुलं काय शिकली ते मुलांनाच विचारा.'

"काय लिवलंय?" मागून आजीने विचारलं.

उंच मुलीने वाचून दाखवलं. आणि मग मी काही खूण करायच्या आत ती घंटेपाशी गेली. तिने गज हातात घेतला आणि सगळ्या गावाला माझ्या जुन्या आवाजात सांगितलं, "सगल्यांनी बोट वर करा! आवाज संपला का खाली. मधी बोलायचा नाय!"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पण मुलांची बोटं वर गेली, आणि आपलं पोर बोट वर करून आपल्याकडेच बघतंय म्हटल्यावर आयांचीही गेली. हाताची घडी घातलेल्या पालकांनी शेवटी घडीतूनच एक बोट बाहेर काढलं.

तिने टोला दिला. तो अगदी योग्य पडला.

सूर व्हरांड्यातून निघून मैदानावर गेला. एकेक बोट खाली आलं. रंगलेली बोटं, मिठाने भेगाळलेली बोटं, मुलांची शाईची बोटं. वारा सुटला होता, त्याने पत्र्याची एक कड हलत होती, तेवढाच आवाज. सगळ्यांची बोटं खाली आली तरी आजीचं वरच. डोळे मिटलेले. आम्ही वाट बघितली. शेवटी नातीने जाऊन तिचा खांदा हलवला. "आजी, संपला कवाच."

"तुमचा संपला आसंल," आजी डोळे न उघडता म्हणाली. "माझा हाय."

व्हरांडा हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. सर तर भिंतीला टेकले. हसणं ओसरलं तेव्हा कारखान्यातल्या बायकांपैकी एक जण, जिच्याशी मी त्याआधी फारसं बोललेही नव्हते, हळूच म्हणाली, "सकालपासून आत्ता टेकले बाय मी. कोणी काय मागत नाय, कोणी हाक मारत नाय. अजून एकदा वाजव गो पोरी."

मुलीने वाजवली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती ते पुसत हसत होती. कारण कुणी विचारलं नाही. मी खाली बघितलं, नाहीतर यजमानांनी पाटीवर दिलेला सल्ला फुकट गेला असता.

पुढे बसलेले पालक मात्र इतक्या सहज सुटणारे नव्हते. "हे ठीक हाय," ते म्हणाले. "पण पाढे?"

"सोमवारी या आणि बसा वर्गात," सर म्हणाले.

ते खरंच आले. मागच्या बाकावर गुडघे दुमडून दुपारपर्यंत बसले. चिंचोक्यांचा भागाकार त्यांनीही केला, एकदा चुकला, तेव्हा माझी भुवई त्यांनाही मिळाली. जाताना म्हणाले, "बाई, आवाज आल्यावर पण हे चालू ठेवा. पण ओरडू पण द्या मधी मधी." मी मान हलवली. दोन्ही गोष्टी मला पटल्या होत्या.

महिन्याने डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली आणि हसून म्हणाल्या, "बोला. हळू. मैदानावर नाही." गाठी विरत आल्या होत्या. पहिला शब्द मी तिथेच खर्च केला नाही. शाळेसाठी राखून ठेवला. दुसऱ्या दिवशी टोला झाला, बोटं खाली आली, आणि मी म्हटलं, "नमस्कार मुलांनो."

आवाज बारीक आला, थोडा खरखरीत. मुलं डोळे विस्फारून बघत राहिली.

"बाई, ह्यो तुमचा नाय," तिसरीतली मुलगी म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "पण बरा हाय. कानाजवळ येतो."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, मुलं साधुसंत झाली, असं काही सांगायला लागले तर सर मला खोटारडी म्हणतील. भांडणं होतच राहिली. उंच मुलगी अजूनही मारायची, फक्त मारायच्या आधी एक क्षण ओठ दाताखाली धरून थांबायची, आणि तेवढ्यात समोरचं पोर पळून जायचं. कधी सकाळी शांतता जमायचीच नाही, कुणाला तरी शिंक यायची आणि मग सगळ्यांनाच यायची. अशा दिवशी आम्ही शिंका ऐकायचो. परीक्षेतले गुण वाढले का, असं मला पेणच्या शिक्षण परिषदेत एका गुरुजींनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की ते मला माहीत नाही. दुसरे म्हणाले, "ह्यात नवीन काय आहे बाई? आमच्या वेळी मुलं गप्पच बसायची."

"गप्प बसवलेलं मूल आणि ऐकत बसलेलं मूल," मी म्हटलं, "दोघांच्या तोंडाकडे एकदा बघा सर. लगेच कळतं." माईक मी घेतला नव्हता. इतक्या हळू आवाजात बोलून मागच्या रांगेपर्यंत पोचता येतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं. लोक पुढे झुकून ऐकत होते.

त्या हिवाळ्यात आम्ही सहल काढली ती गागोदे बुद्रुकला. खाडीकडच्या मुलांना डोंगराकडचं गाव दाखवायचं, एवढाच बेत होता. आमच्या एका पालकांची बहीण तिकडे दिली होती. भात कापून झालेल्या शेतात वाल लावलेले, शेंगा भरलेल्या. तिने आणि तिच्या मालकांनी सगळ्या शाळेसाठी पोपटी लावली. मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवलेला. मीठ मात्र आमच्या मुलांनी आणलं होतं. आपापल्या बापाच्या मिठागरातलं, कागदाच्या पुड्यांत बांधून. कुणाचं खडेमीठ, कुणाचं बारीक, कुणाचं करडं. त्या मावशींनी प्रत्येकाची पुडी उघडून चिमूटभर घातलं, कुणाचं राहू दिलं नाही.

मग वाट बघायची होती. मुलं जाळाभोवती बसली. मी काही सांगितलं नाही, सरांनीही नाही. पेंढा चुरचुरत होता, मडक्याच्या आत कुठेतरी शेंग तडकत होती. मागे डोंगर, पुढे वालाची हिरवी शेतं, आणि आमची पोरं गुडघ्यांवर हनुवट्या टेकवून त्या मडक्याकडे कान लावून बसलेली. मावशींचे मालक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, पोरं दमलीत काय? एवढी गप्प?"

"नाही," मी म्हटलं. "पोपटी ऐकतायत."

त्यांना काय समजलं कुणास ठाऊक. पोपटी झाली का ते बघायला त्यांनी हाताने मडक्यावर पाणी शिंपडलं. पाणी चर्रकन उडून गेलं.

"झाली!" सगळी पोरं एकदम किंचाळली आणि उठली. मडकं उलटलं, वाफ निघाली, ओव्याच्या वासाचा तो पाला बाजूला झाला, आणि मग हातांना चटके, तोंडाला चटके, "माझं मीठ लागलं!", "नाय, माझं!", बटाट्यासाठी ओढाओढ, सालांचा ढीग. सर अंड्याचं कवच सोलता सोलता म्हणाले, "बाई, आवरा ह्यांना."

"आज नाही," मी म्हटलं, आणि गरम शेंगांसाठी ओंजळ पुढे केली.